शेजाऱ्याच्या पायाजवळ संरक्षक भिंत बांधताना

मेहरूण म्हटले की बाहेरच्या माणसाला तलाव आणि बोरे आठवतात. राहणाऱ्याला मात्र जागेची टंचाई आठवते. जळगाव महानगरपालिका २१ मार्च २००३ रोजी अस्तित्वात आली आणि शहर चारी बाजूंनी वाढले. पुढे दुकान, मागे वर्कशॉप, वर राहते घर अशी बांधणी करताना प्रत्येक फुटाचा हिशोब होतो. मग कोणी जमीन रस्त्याच्या पातळीला आणण्यासाठी खोदतो, कोणी माल ठेवण्यासाठी तळघर काढतो, तर कोणी पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तीन-चार फूट भराव घालतो. तिन्ही प्रकारांत हद्दीवर एका बाजूची जमीन उंच आणि दुसरीकडची खाली होते. उंच बाजूची माती अडवून धरण्यासाठी जी भिंत बांधावी लागते तिला रिटेनिंग वॉल किंवा संरक्षक भिंत म्हणतात.

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांना हे काम किरकोळ वाटते. लेबर कंत्राटदाराशी बोलणी होते, एक दिवस जेसीबी येतो, दुसऱ्या दिवशी सळई येते. शेजाऱ्याला फार तर एवढेच सांगितले जाते की, "चाचा, उद्यापासून जरा आवाज होईल." पण त्या चाचांच्या घराचा पाया हद्दीला लागून, जमिनीखाली दोन-तीन फुटांवर असतो, आणि तो ज्या मातीवर टेकलेला असतो तिचा आधार आपल्या प्लॉटमधल्या मातीला असतो, याचा विचार होत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही याच गोष्टीची माहिती देत आहोत.

कोंढव्याची रात्र

२९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यातील कोंढवा येथे जोरदार पावसात एका निवासी सोसायटीच्या हद्दीवरील भिंत कोसळली. भिंतीच्या खालच्या बाजूला शेजारच्या प्लॉटवर नव्या इमारतीचे खोदकाम सुरू होते आणि तेथील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या भिंतीला लागूनच होत्या. झोपेत असलेली १५ माणसे दगावली. त्यात बायका होत्या, मुलेही होती. पोट भरण्यासाठी बिहारमधून आलेली ही माणसे होती. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ जुलै २०१९ रोजी, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाडा भागात जलाशयाची भिंत झोपड्यांवर कोसळून २५ हून अधिक माणसे मरण पावली.

या मोठ्या कामांशी आपल्या तीस-चाळीस फुटी प्लॉटचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध असा की माती आणि पाणी प्लॉटचा आकार पाहत नाहीत. अशा दुर्घटनांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्र येतात: खालच्या बाजूला खोदकाम, वरच्या बाजूला पाणी आणि मधे अशी भिंत जिच्यावर त्या ओझ्याचा हिशोब कोणी केलेला नाही.

कुंपण आणि संरक्षक भिंत यांतील फरक

कंपाउंडची भिंत फक्त स्वतःचे वजन आणि वारा सोसते. संरक्षक भिंतीला मात्र पाठीमागची माती रात्रंदिवस ढकलत असते. हा दाब किती असतो ते पाहू. कोरड्या मुरमाचे वजन घनमीटरला सुमारे १८०० किलो धरले आणि त्याचा साधारण एक तृतीयांश भाग आडवा दाब म्हणून भिंतीवर येतो असे मानले, तर १.५ मीटर म्हणजे सुमारे ५ फूट उंचीच्या भिंतीवर दर मीटर लांबीमागे सुमारे ६७५ किलोचा रेटा येतो. उंची दुप्पट, म्हणजे ३ मीटर केली, तर रेटा दुप्पट होत नाही. तो चौपट, म्हणजे सुमारे २७०० किलो होतो. भिंत उलथवून टाकण्याची ताकद तर आठपट होते. म्हणून "पाच फुटांची भिंत टिकली, तीच दहा फूट वाढवू" हा हिशोब चुकीचा आहे.

त्यात वरचे ओझे धरावे लागते. सिमेंटच्या १० पोत्यांची थप्पी जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे दीड टन भार टाकते, म्हणजे जवळपास ३ फूट जाडीच्या मातीच्या थराएवढा. उंच बाजूला भिंतीलगत लोखंड, धान्य, लाकूड यांची थप्पी असेल किंवा मालाचा ट्रक उभा राहत असेल, तर इंजिनिअरला ते आधीच सांगितले पाहिजे. शेजाऱ्याचे घर उंच बाजूला असेल तर त्या घराचा भारही याच हिशोबात येतो.

अशी भिंत उभी राहण्यासाठी तिचा तळ रुंद असावा लागतो. ढोबळ मानाने तळाची रुंदी उंचीच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत लागते. १० फुटी भिंतीला ५ ते ७ फूट रुंद तळ लागला तर आश्चर्य नाही. हा तळ पूर्णपणे आपल्या हद्दीत बसला पाहिजे. शेजाऱ्याच्या जमिनीखाली एक इंचही फुटिंग सरकवण्याचा आपल्याला अधिकार नाही. म्हणून हद्दीवरच्या भिंतीचे फुटिंग आपल्या फरशीखाली, इंग्रजी एल अक्षराच्या आकारात घेतात. त्याचा हिशोब वेगळा असतो, कारण एरवी मागच्या टाचेवर बसलेली माती आपल्या वजनाने भिंतीला दाबून धरते. ती मदत इथे मिळत नाही. हे काम अंदाजाने करण्यासारखे नाही.

पाण्याला वाट द्या

भिंतीमागे पाणी साचले तर काय होते? वरच्या ३ मीटरच्या भिंतीचेच उदाहरण घेऊ. मागे काठोकाठ पाणी भरले तर एकट्या पाण्याचा रेटा मीटरला ४५०० किलो होतो. भिजलेल्या मातीचा रेटा त्यात मिळवला की एकूण सुमारे ५८५० किलो. कोरड्या दिवसात २७०० किलो सोसणाऱ्या भिंतीवर एका पावसात दुपटीहून जास्त ओझे येते. वर्षभर उभी असलेली भिंत पावसाळ्यातच का पडते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

उपाय स्वस्त आहे. भिंतीच्या मागे किमान फूटभर रुंदीचा गोटे व खडीचा थर तळापासून वरपर्यंत भरावा. मातीने तो बुजू नये म्हणून मधे गाळणीचे कापड घालावे. भिंतीत ठरावीक अंतरावर बाहेर उताराचे पाइप ठेवावेत. प्लास्टर करताना हे पाइप सिमेंटने बुजवले जातात. शेवटच्या दिवशी स्वतः उभे राहून प्रत्येक पाइपात सळई घालून पाहावी. भिंतीची खालची बाजू शेजाऱ्याकडे असेल तर ही भोके त्याच्या अंगणात काढता येणार नाहीत. अशा वेळी भिंतीच्या पाठीमागे तळाशी भोकांचा पाइप टाकून पाणी आपल्याच बाजूने गटारापर्यंत न्यावे लागते.

काळ्या मातीचा स्वभाव

खानदेशाच्या काळ्या मातीने कापूस आणि केळी दिली, पण पायाला ती साथ देत नाही. पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीमागे काळी माती भरली तर पावसाळ्यात ती फुगून भिंतीला ढकलते. उन्हाळ्यात मागे सरकून फट ठेवते आणि पुढच्या मृगाचे पाणी थेट त्या फटीत उतरते. म्हणून भिंतीच्या पाठीशी खोदलेली काळी माती परत टाकू नये. मुरूम टाकावा आणि तो थराथराने कुटावा. ट्रॉलीभर मुरमाचे पैसे वाचवण्यासाठी पुष्कळ जण इथेच चूक करतात.

काळ्या मातीचा दुसरा धोका खोदताना येतो. नुकताच खोदलेला तिचा खड्डा एकदम सरळ, भिंतीसारखा उभा राहतो. गवंड्याला वाटते की माती पक्की आहे. दोन-तीन दिवसांनी ती सुकून तडकते किंवा एक सर येऊन भिजते, आणि कडेचा मोठा ढलपा सूचना न देता खाली येतो. खड्ड्यात मजूर असेल तर तो गाडला जातो आणि वर शेजाऱ्याचा पाया उघडा पडतो.

शेजाऱ्याचा पाया किती खोल?

ही माहिती नसताना जेसीबी लावू नये. खानदेशातील जुनी धाब्याची घरे कॉलमवर उभी नसतात. दगड-मातीच्या जाड भिंतीच सगळा भार घेतात, आणि धाब्यावरच्या मातीमुळे तो भार मोठा असतो. अशा भिंतीखालची एक हात माती जरी हलली तरी भिंत तडकते. नव्या आरसीसी घरात कॉलमचे फुटिंग खोल असते, पण मधल्या भिंती उथळ असू शकतात.

शोधण्याचा मार्ग साधा आहे. शेजाऱ्याला सांगून, आपल्या बाजूने, एकाच जागी, दोन फूट रुंदीचा लहान खड्डा हाताने खोदावा. पाया कुठे संपतो, तो दगडाचा आहे की विटांचा, आणि त्याखाली काळी माती आहे की मुरूम, हे पाहून मोजमाप लिहून घ्यावे. त्याच दिवशी खड्डा मुरमाने भरून कुटून टाकावा.

पायांबाबतच्या भारतीय मानकात (आयएस १९०४) शेजारशेजारच्या दोन पायांसाठी नियम आहे. दोन पायांच्या कडा जोडणारी रेषा १ फूट खोलीला २ फूट अंतर यापेक्षा तीव्र असू नये. समजा, मेहरूणमध्ये एका फॅब्रिकेशनवाल्या भाईंना ८ फूट खोल तळघर हवे आहे आणि शेजाऱ्याचा पाया हद्दीवर ३ फुटांवर संपतो. फरक ५ फुटांचा. म्हणजे नियमाप्रमाणे तळघर हद्दीपासून सुमारे १० फूट दूर हवे. तीस फुटी प्लॉटमध्ये १० फूट कोण सोडणार? म्हणून इथे दोनच मार्ग उरतात. एक, खोली कमी करणे. तळघराऐवजी पोटमाळा काढला तर पुष्कळदा तेवढाच माल बसतो. दोन, हद्दीजवळच जायचे असेल तर शेजाऱ्याच्या पायाचा भार धरून आखलेली भिंत, आणि खोदण्याची शिस्त. मनाला येईल तसे खोदणे हा तिसरा मार्ग नाही.

एकाआड नव्हे, दोनाआड खण

अशी भिंत अनेकदा बांधून होण्याआधीच, खोदतानाच घात करते. पूर्ण हद्दीवर एका दिवसात सरळ चर मारला तर शेजाऱ्याच्या संपूर्ण भिंतीचा आधार एकदम जातो. म्हणून लांबीचे खण पाडतात. हद्द ३६ फूट असेल तर ४ फुटांचे ९ खण होतात. पहिल्या फेरीत १, ४ आणि ७ क्रमांकाचे खण खोदायचे. त्यांत सळई बांधून, काँक्रीट ओतून, मागे भराव कुटून मगच दुसऱ्या फेरीत २, ५ आणि ८ घ्यायचे. शेवटी ३, ६ आणि ९. पहिल्या फेरीत प्रत्येक उघड्या खणाच्या मधे ८ फूट न हललेली माती राहते, आणि पुढच्या फेऱ्यांत मधल्या जागेत तयार भिंत आधाराला असते. एका खणाच्या सळया पुढच्या खणाला जोडता याव्यात म्हणून बाहेर सोडाव्या लागतात. ते नकाशात आधीच दाखवलेले असावे.

उघड्या खणाला फळ्या व बल्ल्यांचा आडवा आधार द्यावा. खोदलेली माती काठावर रचू नये, तिथे वाहन उभे करू नये, आणि खड्ड्याच्या काठाशी मजुरांची झोपण्याची सोय कधीही करू नये. काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस पाणी मारावे. जेसीबी एका दिवसात जे काम करतो त्याला या पद्धतीने तीन-चार आठवडे लागतात. मजुरी वाढते, हे खरे. पण शेजाऱ्याचे घर उभे करून देण्याच्या खर्चापुढे ती काहीच नाही.

वेळही पाहावी. मेहरूणची बोरे बाजारात येतात ते हिवाळ्याचे दिवस खोदकामाला उत्तम. मे अखेरीस खड्डा उघडा ठेवून "पावसाआधी आटोपू" म्हणणे धोक्याचे आहे.

भराव घालणाऱ्यांनी काय पाहावे

ज्यांना खोदायचे नसून जमीन उंच करायची आहे त्यांची नेहमीची चूक म्हणजे शेजाऱ्याच्या कंपाउंडला टेकवून मुरूम भरणे. नऊ इंची विटांची कंपाउंड भिंत भराव अडवण्यासाठी नसते. ती फुगते, ओळंबा सोडते आणि एके दिवशी शेजाऱ्याच्या अंगणात पडते. भराव ज्याचा, भिंत त्याची. ती त्याने स्वतःच्या जागेत, स्वतःच्या खर्चाने बांधावी आणि शेजाऱ्याच्या भिंतीला माती टेकू देऊ नये.

कायदा काय म्हणतो

"माझ्या जागेत मी काहीही करीन" हे वाक्य कोर्टात टिकत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२, ज्याला आपण इझमेंट ॲक्ट म्हणतो, तो १८९१ पासून मुंबई इलाख्यात आणि म्हणून खानदेशातही लागू आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे प्रत्येक जमीनमालकाला आपल्या नैसर्गिक स्थितीतील जमिनीसाठी शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. घरासाठीचा आधार कलम १५ मध्ये येतो. शेजाऱ्याच्या घराला आपल्या जमिनीचा आधार २० वर्षे शांतपणे व अखंड हक्काने मिळत आला असेल तर तो पक्का हक्क बनतो. कलम ३४ प्रमाणे आधार काढल्याची भरपाई प्रत्यक्ष भरीव नुकसान झाल्यावर मागता येते. घर २० वर्षांचे नाही म्हणून हात मोकळे झाले असेही समजू नये. निष्काळजीपणाने नुकसान केल्याची जबाबदारी वेगळी असते. धोका दिसत असेल तर शेजारी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणू शकतो. काम थांबते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

या विषयावरील एक जुना निवाडा कारागिरांना जवळचा वाटेल. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे एका घराचे रूपांतर १८४९ मध्ये बग्ग्या बनवण्याच्या कारखान्यात झाले होते. सुमारे २७ वर्षांनी शेजारचे घर पाडून खोल खोदकाम झाले आणि कारखाना कोसळला. डाल्टन विरुद्ध अँगस या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात १८८१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने कारखानदाराच्या बाजूने निकाल दिला. २० वर्षांच्या वापराने आधाराचा हक्क मिळतो हे त्यात ठरले. शिवाय ज्याने काम घेतले होते त्याला "खोदकाम पोटठेकेदाराने केले" असे सांगून सुटता आले नाही. आपल्याकडेही जेसीबीवाल्याकडे बोट दाखवून मालक मोकळा होईल अशा भरवशावर राहू नये.

जीव गेला तर प्रकरण फौजदारी होते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जेसीबी बोलावण्याआधी

१. हद्द कायम करण्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि मोजणी नकाशाची क प्रत जवळ ठेवावी. भिंत अर्धा फूट पलीकडे गेली तर पाडावी लागू शकते.

२. महापालिकेच्या नगररचना विभागाची परवानगी घ्यावी. नकाशात भिंत व खोदाईची खोली दाखवावी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचे डिझाइन घ्यावे.

३. शेजाऱ्याला बरोबर घेऊन त्याच्या घराचे आतून-बाहेरून फोटो काढावेत. जुन्या भेगांवर तारीख लिहून दोघांनी सह्या कराव्यात. भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवावी. ती फुटली तर भिंत हलली असे समजून त्याच क्षणी काम थांबवावे. हे फोटो शेजाऱ्याइतकेच आपलेही रक्षण करतात, कारण जुन्या भेगांचा दोष मग आपल्यावर येत नाही.

४. साधा लेखी करार करावा. कामाची तारीख, खोली, खणांची पद्धत, पाणी कुठे जाणार आणि नुकसान झाल्यास दुरुस्ती कोण व किती दिवसांत करणार, एवढे त्यात असले तरी पुरे.

५. ठेकेदाराशी करार करताना "फुटाच्या भावाने" एवढेच न लिहिता खणांच्या फेऱ्या, मुरमाचा भराव आणि पाण्याचे पाइप यांचा स्वतंत्र उल्लेख करावा. जे कागदावर नसते ते जागेवर होत नाही.

इंग्लंडमध्ये १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याने शेजाऱ्याच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत तिच्या पायापेक्षा खोल खोदायचे असेल तर किमान एक महिना आधी लेखी नोटीस देणे सक्तीचे केले आहे. आपणही ती पद्धत स्वतःहून पाळायला हरकत नाही. महिनाभर आधी शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसावे, नकाशा दाखवावा, त्याच्या शंका ऐकाव्यात. त्याच्या पायाची खोली, पूर्वी भरलेली विहीर, जुना शोषखड्डा यांची माहिती इंजिनिअरपेक्षा त्यालाच जास्त असते.

दुकान बदलता येते, धंदा बदलता येतो, हद्दीपलीकडचा माणूस मात्र बहुधा आयुष्यभर तोच राहतो. त्याचे घर ज्या मातीवर उभे आहे तिचा काही भाग आपल्या सातबाऱ्यात किंवा मालमत्ता पत्रकात आहे, एवढे ध्यानात ठेवून कुदळ उचलली तर भिंतही उभी राहील आणि शेजारही टिकेल.